ड्रिल, मल्टीमीटर, व्हर्नियर... पंधरा हजारात काय काय बसेल?

तिसरा_मजला:
नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसतं वाचत होतो, आता विचारायची वेळ आली. भांडुपला नवीन टॉवरमध्ये ताबा मिळालाय, छोटी बाल्कनी आहे तिथे घरच्यांच्या परवानगीने एक वर्कबेंच टाकायचंय. छंद म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकरचे डबे बनवणं, म्हणजे अर्धं काम सोल्डरिंगचं अर्धं प्लायवूडचं, शिवाय शेल्फ, पडद्याचे रॉड, टीव्हीचा ब्रॅकेट ही भिंतीवरची कामं आहेतच. बजेट १५ हजार, ताणून १८. यादी अशी: इम्पॅक्ट ड्रिल, ग्राइंडर, मल्टीमीटर, डिजिटल व्हर्नियर आणि जमलं तर लेझरवालं अंतर मोजायचं यंत्र. ऑनलाइन बघायला गेलो तर ड्रिल बाराशेपासून बारा हजारापर्यंत, मीटर दीडशेपासून पुढे आभाळापर्यंत, आणि झाडून सगळ्यांना साडेचार स्टार. कुठे पैसे टाकू आणि कुठे हात आखडता घेऊ एवढंच सांगा. ब्रँडवरून भांडण नको प्लीज (होणार आहे माहितीये).

खडूस_ठाणेकर:
भिंत कसली आहे?

तिसरा_मजला:
कसली म्हणजे? भिंतीसारखी भिंत. बिल्डरचा माणूस मिवान मिवान करत होता.

खडूस_ठाणेकर:
मग इम्पॅक्ट ड्रिल विसरा. सुतारपक्षी येईलच, तो सांगेल, मला एवढं टाइप होत नाही.

सुतारपक्षी:
आलो आलो. तिसरा_मजला भाऊ, ठाणेकर साहेब खडूस असले तरी प्रश्न बरोबर विचारला त्यांनी. मुंबईत ड्रिल घेताना आधी भिंत बघायची, ब्रँड नंतर. गिरगाव-परळच्या जुन्या चाळी म्हणजे विटेच्या भिंती, त्यात ५०० वॅटचं साधं इम्पॅक्ट ड्रिल लोण्यासारखं जातं, उलट भोक मोठं होऊन गिट्टी (स्क्रूसाठी भोकात ठोकतात तो प्लग) हलायला लागते हा तिथला त्रास. मधल्या काळातल्या सोसायट्यांत कॉलम-बीम काँक्रीटचे आणि मधली भिंत विटेची किंवा ब्लॉकची. पण मिवान म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे साचे लावून भिंत आणि स्लॅब सगळं एकदम ओततात, म्हणजे तुमच्या बेडरूमची भिंतसुद्धा सळ्या घातलेलं आरसीसी. तिथे इम्पॅक्ट ड्रिल लावलंत की नुसती किंचाळी, बिट लाल, आणि आत गेलं किती तर अर्धा इंच, आणि वर खालच्या मजल्यावरचे काका दारात उभे.

कारण सोपंय. इम्पॅक्ट ड्रिलमध्ये आत दोन दातेरी चकत्या असतात, त्या एकमेकींवरून घसरतात आणि टकटक होते, मिनिटाला चाळीस हजारांच्या घरात ठोके पण एकेका ठोक्यात दम काही नाही, सगळा जोर तुमच्या खांद्याचा. रोटरी हॅमरमध्ये पिस्टन असतो, तो हवा दाबून आतला हातोडा फेकतो, ठोके मिनिटाला चार-पाच हजारच पण प्रत्येक ठोका दोन-अडीच ज्यूलचा. म्हणून यात वॅट बघू नका, ज्यूल बघा. बॉशचं जीबीएच २-२६ डीआरई ८०० वॅट आणि २.७ ज्यूलचं आहे, त्याच्याखालचं २ ज्यूलचं २ किलो क्लासमधलं मशीनही घरगुती कामाला रग्गड झालं. हाताने जोर लावायचाच नाही, मशीन फक्त टेकवून धरायचं, ६ मिमीचं भोक काँक्रीटमध्ये काही सेकंदांत होतं.

बिट एसडीएस-प्लसचे लागतील, १० मिमी दांड्याचे, खाचा असलेले. चकची चावी वगैरे नाही, खटकन आत. दांड्याला जरासं ग्रीस लावत जा, मशीनच्या तोंडाचं आयुष्य वाढतं.

करवतकाठी:
सुतारपक्षी, एक राहिलं, सळीचं. मिवानच्या भिंतीत सळ्यांची जाळी असते त्यामुळे ते भिंतीत धातू शोधायचं यंत्र तिथे सगळीकडेच पीं पीं करतं, त्यावर पैसे घालवू नकोस दादा. बिट सळीला लागला की आवाज बदलतो आणि पुढे जाणं थांबतं, तिथे हट्ट नाही करायचा, दोन सेंटिमीटर सरकायचं. आणि वायरचे पाइप पण काँक्रीट ओतायच्या आधीच टाकलेले असतात, फोडून दुरुस्ती करायची सोय नाही, तेव्हा स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली भोक पाडायचंच नाही. आणि टाइलवर हॅमर मोड बंद!! टाइल पार होईपर्यंत नुसतं फिरवायचं, काचेसाठीचा भाल्याच्या टोकाचा बिट किंवा डायमंडचा, थोडं पाणी मारत, मग हॅमर चालू.

तिसरा_मजला:
बापरे. म्हणजे रोटरी हॅमरच घेतो, त्यानेच प्लायवूडलाही भोकं पाडतो, एका मशीनमध्ये काम झालं. साधा चक लावायचा अडॅप्टर मिळतो ना?

सुतारपक्षी:
मिळतो पण घेऊ नका राव. एसडीएसचा दांडा मुळातच सैल बसतो, त्याला पुढेमागे हलता यायला हवं म्हणून. त्यावर अडॅप्टर, त्यावर चक, म्हणजे टोकाला बिट नाचतो. काँक्रीटमध्ये चालतं, स्पीकर बॅफलवर (डब्याच्या पुढच्या फळीवर) ४ मिमीचं सरळ भोक हवं असेल तिथे वाट लागते. लाकडाला १२ व्होल्टचं छोटं कॉर्डलेस घ्या, हातात मावतं, स्क्रूही तेच मारतं.

चिंचपोकळी_लोकल:
१२ व्होल्ट?? दादा ऑनलाइन ४८ व्होल्टचं मिळतंय दोन हजारात दोन बॅटऱ्या आणि सुटकेससकट. १२ च्या नादी कशाला लागायचं.

ओहमकार:
चिंचपोकळी, त्या ४८ व्होल्टवाल्याची बॅटरी एकदा उघडून बघ. असल्या पॅकमध्ये बहुतेक वेळा पाचच सेल असतात. लिथियमचा एक सेल ३.६ व्होल्टचा, पूर्ण चार्ज झाला की ४.२. पाच सेल म्हणजे नॉमिनल १८ आणि फुल चार्जला २१. ४८, ८८, १२८ हे आकडे नुसते डब्यावर छापलेले असतात, व्होल्टमीटर लावलास की कळतं. आणि ब्रँडवालेही अगदी धुतल्या तांदळासारखे नाहीत बरं का: कुणी १८ व्होल्ट लिहितं कुणी "२० व्होल्ट मॅक्स", आत दोन्हीकडे तेच पाच सेल. १२ आणि १०.८ चंही तसंच, तीन सेल. म्हणून दोन कंपन्यांचे व्होल्ट समोरासमोर ठेवून उपयोग नाही, अँपिअर-तास बघ, टॉर्क न्यूटन-मीटरमध्ये बघ आणि तीच बॅटरी तीन वर्षांनी सुटी मिळणार आहे का ते बघ. कॉर्डलेस घेताना तू ड्रिल नाही घेत, बॅटरीचं घराणं घेतोस, उद्या जिगसॉ (वर-खाली चालणाऱ्या पात्याची करवत) किंवा सँडर घ्यायचा झाला तर त्याच बॅटरीवर.

चिंचपोकळी_लोकल:
ओके समजलं. पण मी माझंच वापरतोय आणि मस्त चाललंय, घरी पडदे लावायला कशाला डीवॉल्ट. नाकापेक्षा मोती जड.

खडूस_ठाणेकर:
पडद्यांना ठीक आहे. माणसाने स्पीकर बनवायचे म्हटलंय, वाचा की वरती.

निवृत्त_टर्नर:
सर्वांस नमस्कार. मी आयुष्यभर कारखान्यात टूलरूममध्ये होतो, आता मुलुंडला असतो. आमच्या वेळी ड्रिल म्हणजे रॅलीवुल्फ, इथेच मुलुंडला लालबहादूर शास्त्री मार्गावर कारखाना होता त्यांचा. सगळी बॉडी धातूची, वजन भरपूर, पण पिढ्या वापरायच्या. अजूनही शुक्रवारी चोरबाजारात जुनी दिसतात आणि तरुण मंडळी कौतुकाने उचलतात. उचला, पण एक लक्षात ठेवा, आत्ताची प्लॅस्टिकची मशीनं डबल इन्सुलेटेड असतात, प्लेटवर चौकोनात चौकोन असं चिन्ह असतं, म्हणून त्यांना दोन पिनची वायर चालते. धातूच्या बॉडीला तिसरी पिन, म्हणजे अर्थिंग, लागतेच, आणि जुन्या मशीनची वायर कुणीतरी दोन पिनची करून ठेवलेली असते. पिनपासून बॉडीपर्यंत मेगर (इन्सुलेशन तपासायचे यंत्र) लावून तपासल्याशिवाय प्लग लावू नये, आणि घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, असावा.

दुसरे असे की मशीन घेताना दुकानदाराला पहिला प्रश्न "कार्बन मिळतो का" हा विचारावा. कार्बन ब्रश झिजणारच, त्यासाठीच तो असतो. दोनशे रुपयांच्या आतला कार्बन वेळेवर बदलला नाही की कम्यूटेटर (कार्बन ज्यावर घासतो तो भाग) खराब, मग आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग), मग मशीन भंगारात. नागदेवी स्ट्रीटला नामवंत कंपन्यांचे कार्बन, स्विच, आर्मेचर, गिअर सगळे सुटे मिळते. कालच्या मोसमात आलेल्या नावाचे काही मिळत नाही, कारण पुढच्या मोसमात ते नाव बदललेले असते.

करवतकाठी:
काका +१. मी लहानसं वर्कशॉप चालवते, खेळणी आणि ट्रे बनवते, आणि माझा अनुभव सांगते, ब्रँडला जे जास्त पैसे देतो ते मोटरचे कमी आणि सुट्या भागांचे जास्त. एका मशीनचा स्विच गेला, नाव घेत नाही, सर्व्हिस सेंटरवाले "पार्ट मागवलाय ताई" म्हणत राहिले, शेवटी नागदेवीच्या एका गल्लीत बसणाऱ्या मेकॅनिकने तसलाच दुसरा स्विच बसवून दिला चहा संपायच्या आत.

आता ग्राइंडर. दादा तुला ग्राइंडर कशाला हवाय ते आधी सांग.

तिसरा_मजला:
प्लाय कापायला. आणि स्पीकरची गोल भोकं. व्हिडिओत बघितलं चार इंची ग्राइंडरला लाकूड कापायचं पातं लावून करतात.

करवतकाठी:
अजिबात नाही!! चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११ हजारांच्या आसपास फिरतो, त्याला दातेरी पातं लावलं आणि ते लाकडात अडकलं की मशीन उसळून अंगावर येतं, आणि हे लोक पातं बसावं म्हणून गार्ड काढून ठेवतात. मी नेहमीचे सुतार हे करताना बघते आणि त्यांच्या बोटांकडे पण बघते. तुला जिगसॉ हवाय. टी शँकचं (टीच्या आकाराच्या दांड्याचं) पातं घे, प्लायला उलट्या दातांचं येतं टी १०१ बीआर नावाचं, त्याने वरचं व्हिनिअर उचकटत नाही. गोल भोकाला आधी आत एक १० मिमीचं भोक, त्यातून पातं घालायचं, रेषेच्या आतून कापायचं आणि मग सँडपेपरने रेषेपर्यंत आणायचं. सरळ कापाला फळीला क्लॅम्पने पट्टी बांध. आणि मोठे कट दुकानातूनच मारून आण, प्लायवाले पॅनल सॉवर माफक पैशात सरळ कापून देतात.

सुतारपक्षी:
सहमत. लोखंड कापायला ग्राइंडर घेतलातच कधी तर चकतीच्या मधल्या धातूच्या रिंगवर महिना-वर्ष छापलेलं असतं ते बघायचं, ती एक्सपायरी आहे. रेझिनची चकती आपल्या पावसाळी हवेत ओल धरते आणि तारीख उलटलेली फुटू शकते. चकतीवरचा आरपीएम मशीनच्या आरपीएमपेक्षा जास्तच हवा. सात इंची चकतीवर साडेआठ हजारच्या आसपास लिहिलेलं असतं, ती गार्ड काढून छोट्या मशीनवर लावणारे महाभाग मी साइटवर पाहिलेत.

तिसरा_मजला:
ग्राइंडर कॅन्सल. यादीतून एक गेलं, एक आलं. मीटरचं बोला आता.

वायरमन_वरळी:
मीटरवर मी बोलतो. पंचवीस वर्षं हेच काम. दीडशे-दोनशेचा तो पिवळा ८३० मीटर सगळ्यांनी बघितलाय, बॅटरी सेल, अ‍ॅडॅप्टर, सर्किटमधले पाच-बारा व्होल्ट बघायला चांगलाय, दोन घेऊन ठेवा. पण त्याने मीटरबॉक्समध्ये हात घालायचा नाही. त्याचं १० अँपिअरचं भोक बघा, शेजारी बारीक अक्षरात "अनफ्यूज्ड" लिहिलेलं असतं. समजा मगाशी करंट मोजला आणि लाल वायर त्याच भोकात राहिली आणि तुम्ही नंतर २३० व्होल्ट बघायला फेज-न्यूट्रलला टोकं लावली तर तो मीटर नसून सरळ शॉर्ट आहे, मीटरबॉक्सजवळ हजारो अँपिअर येऊ शकतात, एमसीबी पडेपर्यंत हातातली वायर वितळलेली असते.

म्हणून मीटर उघडा आणि फ्यूज बघा. काचेचा बारका फ्यूज असेल तर तो मेन्ससाठी (घरातल्या २३० व्होल्टसाठी) नाही, काच फुटते आणि आत आर्क चालूच राहतो. चांगल्या मीटरात जाडजूड सिरॅमिकचा वाळू भरलेला फ्यूज असतो. फ्लूक १७बी प्लसमध्ये ११ अँपिअर १००० व्होल्टचा आहे. हा फ्यूज महाग पडतो म्हणून लोक गेल्यावर काचेचा टाकतात किंवा तारच टाकतात, सेकंडहँड मीटर घेताना मागचं झाकण उघडल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुसरं, कॅट, म्हणजे मीटर कुठे वापरणं सुरक्षित आहे त्याची श्रेणी. कॅट टू म्हणजे सॉकेटला लावलेली उपकरणं, कॅट थ्री म्हणजे घरातला डीबी (एमसीबीचा डबा) आणि पक्की वायरिंग, कॅट फोर म्हणजे कंपनीची केबल जिथे बिल्डिंगमध्ये शिरते तिथलं. घरच्यासाठी कॅट थ्री ६०० व्होल्ट बास झालं. पण ते छापणं फुकट असतं, प्रोबची वायर केसासारखी आणि त्यावर कॅट थ्री १००० व्होल्ट लिहिलेलं असेल तर काय ते समजा.

ओहमकार:
वायरमन साहेब बरोबर. मी इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजूने भर घालतो. लोक काउंट्स बघून भुलतात, २००० काउंट, ६००० काउंट, २० हजार काउंट. काउंट म्हणजे पडद्यावर किती बारीक आकडा दिसतो ते, तो आकडा खरा आहे का हे वेगळं. डेटाशीटवर अधिक-उणे ०.५ टक्के अधिक २ डिजिट असं लिहिलेलं असतं ते बघ. ५ व्होल्टला ०.५ टक्का म्हणजे २५ मिलिव्होल्ट, वर शेवटच्या आकड्यात दोनचा फरक. तुझ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या कामाला एवढं पुरतं.

ट्रू आरएमएस, म्हणजे कुठल्याही आकाराच्या लहरीचं खरं व्होल्टेज मोजणारा मीटर, हवाच का? साधा मीटर एसीची सरासरी काढतो आणि लहर साइन आहे असं धरून १.११ ने गुणतो. भिंतीतल्या २३० व्होल्टला उत्तर बरोबर येतं. पण पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, डिमर, चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर इथे गणित चुकतं, शुद्ध चौकोनी लहरीला ११ टक्के जास्त दाखवतो. आता ट्रू आरएमएस मध्यम किमतीतही मिळतं, युनि-टी कंपनीचा यूटी १३९सी घे किंवा अजून थोडे टाक.

आणि प्लीज आपल्याकडचे विसरू नका. रिषभ आणि मोटवाने नाशिकचे, मेको नवी मुंबईत महापेला. दिसायला बोजड असतात पण सर्व्हिस आणि कॅलिब्रेशन लोकल ट्रेनच्या अंतरावर. मोटवाने म्हणजे शिकागो रेडिओवाले बरं का, स्वातंत्र्याआधी काँग्रेसच्या सभांना ज्यांचे लाऊडस्पीकर असायचे तेच घराणं, स्पीकरवाल्याच्या धाग्यात हे आलंच पाहिजे.

खडूस_ठाणेकर:
इतिहासाचा तास सुरू झाला. मग पिवळ्या रंगाचंही सांगून टाका.

ओहमकार:
सांगतो ना :) फ्लूकने गडद बॉडी आणि भोवती पिवळी कड या रूपाचा अमेरिकेत ट्रेडमार्क घेतलाय. २०१४ मध्ये स्पार्कफन नावाच्या कंपनीने चीनमधून मागवलेले पिवळे स्वस्त मीटर अमेरिकन कस्टम्सने त्यावरून अडवले. बोंबाबोंब झाली, शेवटी फ्लूकने त्यांना स्वतःची उपकरणं फुकट देऊ केली. लॅमिंग्टन रोडवर मात्र पिवळ्या कडेचे मीटर अजून ढिगाने मिळतात, रंगावर जाऊ नका.

तिसरा_मजला:
वायरमन काका, एक शंका. जुन्या मीटरने बेडरूमच्या दिव्याचं बटण बंद असताना होल्डरला ७० व्होल्ट दाखवतंय. लीकेज आहे का? आणि एलईडी रात्री मंद पेटलेला दिसतो.

वायरमन_वरळी:
घाबरू नका. शेजारून चालू फेज जात असते, दोन वायर पाइपात लांबपर्यंत एकत्र चालल्या की त्यांच्यात कपॅसिटरसारखं होऊन थोडं व्होल्टेज पलीकडे चढतं. डिजिटल मीटरचा रोध १० मेगओहम, तो काही करंट ओढतच नाही म्हणून हे भुताचं व्होल्टेज दिसतं. साधा फिलामेंटचा बल्ब लावा, शून्यावर येईल. काही मीटरांना लो-झेड नावाचं बटण असतं ते हेच करतं. एलईडीला इतकुसाही करंट पुरतो म्हणून तो पेटतो. पण एक बघून घ्या, स्विच फेजवर आहे ना, कधी कधी घाईत न्यूट्रलवर टाकलेला असतो आणि मग बटण बंद असूनही होल्डर जिवंत असतो, ते मात्र दुरुस्त करून घ्या. टेस्टरवर भरवसा ठेवून हात घालू नका, मीटर आधी चालू लाइनवर तपासायचा, मग बंद लाइनवर, मग परत चालूवर.

करवतकाठी:
हे शेवटचं वाक्य सगळ्यांनी कॉपी करून ठेवा.

निवृत्त_टर्नर:
व्हर्नियरबद्दल दोन शब्द लिहितो. मिटुटोयोचा ५००-१९६ हा १५० मिमीचा डिजिटल उत्तम आहे, ०.०१ मिमी दाखवतो आणि ०.०२ मिमीपर्यंत खात्री देतो. तो अ‍ॅब्सोल्यूट आहे, म्हणजे बंद करून उघडला तरी शून्य विसरत नाही, आणि बटणसेल वर्षानुवर्षे पुरतो. स्वस्त डिजिटलमध्ये पडदा बंद झाला तरी आतले सर्किट चालूच असते, म्हणून दर थोड्या महिन्यांनी सेल मेलेला सापडतो. न वापरताना सेल काढून ठेवावा.

पण याच मॉडेलची नक्कल बाजारात सर्वांत जास्त आहे. नागदेवीला अर्ध्या किमतीत कुणी "ओरिजिनल साहेब" म्हणाला तर हसून पुढे जावे. हातात घेतल्यावर सरकण कशी आहे ते पाहा, अस्सल एकसारखा सरकतो, नकलीत मध्येच खरखर लागते. जबडे मिटून उजेडाकडे धरा, फटीतून प्रकाशाची रेघ दिसली तर ठेवून द्या. अधिकृत डीलर, पक्के जीएसटी बिल.

तिसरा_मजला यांच्या कामाला मात्र मिटुटोयोची गरज नाही असे माझे मत. प्लाय जाडी, ड्रिलबिट, स्क्रू, वायर मोजायला साधा बाराशे-पंधराशेचा स्टीलचा डिजिटल चालेल. प्लॅस्टिकचा नको, जबडे वाकतात. तपासायला स्लिपगेज (अचूक मापाचे पोलादी ठोकळे) घरी नसते, तर ६०८ नंबरचे बेअरिंग आणा, मुलांच्या स्केट्समध्ये असते ते. बाहेरचा व्यास २२, आतला ८, रुंदी ७ मिमी, आणि चांगल्या कंपनीच्या बेअरिंगचा व्यास एक शतांश मिलिमीटरच्या आतच कमी असतो. बाहेरच्या जबड्याने २२.०० किंवा २१.९९ आले, आतल्याने ८.०० आले, की तुमचा व्हर्नियर कामाचा. जोराने दाबून मोजू नये, अंगठ्याची चाकी हलके फिरवावी.

चिंचपोकळी_लोकल:
काका हे भारी आहे, बेअरिंगचं. आजच करतो.

सुतारपक्षी:
लेझर मीटर राहिलं. १५-२० मीटरचं छोटं घेतलं तरी अधिक-उणे दोन मिमीपर्यंत सांगतं, खोली मोजायला झकास, पण फर्निचरचं माप स्टीलच्या टेपनेच, लेझरने कपाट कापणारा माणूस मी पाहिला नाही. एक उपयोग मात्र आहे, फ्लॅटचा कार्पेट एरिया मोजून बघा. रेराच्या व्याख्येत घरातल्या आतल्या भिंतींची जाडी धरतात, बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी धरत नाहीत. चौरस मीटरला १०.७६४ ने गुणलं की चौरस फूट. करारातल्या आकड्याशी ताडून पाहा, एक संध्याकाळ मजेत जाते किंवा भांडणात.

खडूस_ठाणेकर:
बजेटात बसत नाही. शेजाऱ्याकडून आणा, लेझर एकदाच लागतो.

माझा हिशोब: २ किलोचा रोटरी हॅमर सात-आठ हजार, किंवा सोसायटीत चौघांनी मिळून एकच घ्या, कारण शेल्फ लावून झाले की तो वर्षभर माळ्यावरच. १२ व्होल्टचं कॉर्डलेस ब्रँडेड साडेचार-पाच. मीटर तीन. व्हर्नियर दीड. जिगसॉ पुढच्या पगाराला. बिट चांगले घ्या, हजार रुपयाचे, महाग मशीनला पन्नास रुपयाचा बिट लावणारे बघितले की मला कसंतरी होतं.

तिसरा_मजला:
हॅमर चौघांत ही आयडिया पटली, ग्रुपवर टाकलं तर लगेच तिघं तयार झाले, सगळ्यांनाच टीव्ही टांगायचाय. वाचलेल्या पैशात ऑसिलोस्कोप (लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र) बसेल का? अ‍ॅम्प्लिफायरला लागेलच. आणि मेन्सची लहर पण बघायची आहे एकदा.

ओहमकार:
थांब थांब थांब. स्कोपच्या प्रोबची काळी मगरक्लिप ही आतून स्कोपच्या बॉडीला आणि तिथून तिसऱ्या पिनने अर्थला जोडलेली असते. ती क्लिप फेजवर लावलीस तर थेट फेज-अर्थ शॉर्ट, प्रोब जळेल नाहीतर सर्किट, दोन्हीही. एसएमपीएसच्या (चार्जर-अ‍ॅडॅप्टरमधल्या सप्लायच्या) मेन्सच्या बाजूलाही तेच. "स्कोपची अर्थ पिन काढून टाक" असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नकोस, मग स्कोपची बॉडीच जिवंत होते. त्यासाठी डिफरन्शियल प्रोब लागतो. मेन्सची लहर बघायची तर ९ व्होल्टच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीवर बघ, तीच दिसते.

ऑडिओ २० किलोहर्ट्झपर्यंतच, तेव्हा ५० मेगाहर्ट्झचा स्कोप म्हणजे चंगळ. रिगोलचा जुना १०५४झेड सेकंडहँड मिळाला तर सोडू नकोस, चार चॅनल आहेत. पण आत्ता नको, आधी दोन अ‍ॅम्प्लिफायर बनव, स्कोप कुठे अडतोय ते कळेल. सध्या तुला त्याहून जास्त गरज सिरीज बोर्डची आहे.

वायरमन_वरळी:
ओहमकार माझ्या मनातलं बोलले. पट्टीवर एक होल्डर, एक सॉकेट, दोन्ही सिरीजमध्ये, होल्डरला १०० वॅटचा फिलामेंटचा बल्ब. नवीन सर्किट पहिल्यांदा याच्यातूनच चालू करायचं. शॉर्ट असेल तर बल्ब फुल पेटतो आणि तुमचा ट्रान्सफॉर्मर वाचतो. ठीक असेल तर क्षणभर उजळून मंद होतो, कपॅसिटर भरले म्हणून. खर्च दोनशे रुपये. २५-०-२५ चा (मध्ये शून्य, दोन्ही बाजूंना २५ व्होल्ट) ट्रान्सफॉर्मर असेल तर रेक्टिफायरनंतर (एसीचं डीसी झाल्यावर) दोन्ही बाजूंना ३४-३५ व्होल्ट यायला हवेत, आणि बंद केल्यावर लगेच बोट लावू नका, मोठे कपॅसिटर बराच वेळ चार्ज धरतात, मीटरने शून्य बघा मगच.

तिसरा_मजला:
काका बल्ब एलईडी चालेल का? फिलामेंटचा आमच्या इथल्या दुकानात मिळतच नाहीये.

वायरमन_वरळी:
एलईडी नाही चालणार, त्याच्यात ड्रायव्हर असतो, तो करंट धरत नाही. लोहार चाळीत मिळतो अजून, १०० नाही मिळाला तर ६० चे दोन पॅरललमध्ये लावा. तेही नसतील तर हॅलोजनची १५० वॅटची नळी येते दोन टोकांची, ती होल्डरसकट घ्या, जाळीच्या आत बसवा, फार तापते. रविवारी जाऊ नका, सगळी शटरं बंद असतात.